समुद्र एक, कायदे अनेक

आपल्या वऱ्हाडाला समुद्र नाही. तरी आपले पाणी दोन समुद्रांना जाते. अकोला जिल्ह्यातील पूर्णा तापीला मिळून अरबी समुद्र गाठते, तर अमरावतीच्या पूर्व सीमेवरील वर्धा प्राणहिता-गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात जाते. म्हणून समुद्राच्या कायद्याचा पाठ आम्ही या दोन नद्यांपासूनच आरंभतो.

संविधान सभेत १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक नवे कलम मांडले. किनारा लाभलेली राज्ये प्रादेशिक जलधीच्या तळाशी असलेल्या संपत्तीवर उद्या हक्क सांगतील, हे त्यांनी आधीच ओळखले होते. ती संपत्ती संघराज्याच्या स्वाधीन करणारे ते कलम म्हणजे आजचे २९७ वे. किनारा नसलेल्या बिहारलाही समुद्रतळात वाटा मिळाला तो यामुळे. पाठ्यपुस्तके हे सहसा सांगत नाहीत.

तळाचे ठरले, माशांचे मात्र विभागले गेले. सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत आहे, तर प्रादेशिक जलधीपलीकडील मासेमारी संघसूचीत. ही सीमा आज १२ सागरी मैलांवर आहे. महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा तेथपर्यंतच चालतो. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीन जाळ्यांवर कडक निर्बंध घातले. पण बांगड्यांचा थवा ती रेषा जाणत नाही. रेषेच्या आत धरलेला मासा आणि बाहेर धरलेला मासा बंदरात सारखाच दिसतो. दोन कायद्यांमधील या फटीची किंमत मोजतो तो लहान होडीचा कोळी, कारण त्याला रेषेबाहेर जाणे परवडत नाही.

निदान येथे दोन्ही कायद्यांच्या वर एक संविधान आणि एक सर्वोच्च न्यायालय आहे. राष्ट्रीय हद्दीपलीकडे तेवढाही आधार नाही. १९८२ चा समुद्र कायदा करार सर्वांचा पाया खरा. परंतु जहाजांची वाहतूक लंडनची संघटना पाहते, हिंदी महासागरातील ट्यूना मासा वेगळा आयोग, आणि समुद्रतळाची खनिजे जमैकातील किंग्स्टन येथील प्राधिकरण. खुल्या समुद्रातील जैवविविधतेसाठी २०२३ मध्ये नवा करार झाला. भारताने त्यावर २०२४ मध्ये स्वाक्षरी केली. मात्र जुन्या संस्थांच्या अधिकारास बाध येऊ नये, अशी अट त्यातच आहे. आमच्या मते हीच त्याची दुर्बल बाजू.

मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर समुद्रतळावर बहुधातू गाठी शोधण्याचा करार भारताने २००२ साली किंग्स्टनच्या प्राधिकरणाशी केला. त्याच गाठींना चिकटून जगणारे सजीव मात्र २०२३ च्या कराराचा विषय आहेत. गाठ उचलली की जीवही उचलला जातो. तेथे कोणत्या कराराचा शब्द अंतिम, हे अद्याप ठरायचे आहे.