नाताळ सरला काय?

नाताळचा कंदील उतरला, करंज्यांचा डबा रिकामा झाला, आणि पुन्हा नाताळ केव्हा, असे लेकरे पुसू लागली. आम्हां आईबापांसही चुटपुट लागतेच. महिनाभर वाट पाहावी आणि सण एका दिवसात सरावा! पुढे पौषी पौर्णिमेस म्हसा येथे म्हसोबाची जत्रा भरते. बैलांच्या व घोंगड्यांच्या बाजारात नाताळ कोणाच्या ध्यानी राहतो?

परंतु प्रिय वाचकहो, लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडून दिवस मोजावे. आठव्या दिवशी बाळाचे नाव येशू ठेविले; २५ डिसेंबरपासून मोजता तो दिवस १ जानेवारी होय. पुढे मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे ४० दिवस भरल्यावर मरीया व योसेफ यांनी बाळास यरुशलेमेस नेले. तो दिवस २ फेब्रुवारी होय. त्यांनी पक्ष्यांची जोडी अर्पिली. ज्यास कोकरू घेण्याची ऐपत नसे, त्या गरिबाचे ते अर्पण. आणि अध्याय संपण्यापूर्वीच बाळ १२ वर्षांचे झाले!

आमच्या लेकरांचे बाळपणही असेच एका अध्यायात सरते. मरीयेस दिवस अडविता आले नाहीत. तिने सर्व गोष्टी मनात जतन केल्या, असे लूक दोनदा सांगतो.

यास्तव त्या शुभवर्तमानाचे २४ अध्याय नाताळपासून रोज रात्री एकेक वाचावे. ते १७ जानेवारीपर्यंत पुरतात. ज्या लेकरास वाचता येते त्याने वाचावे, इतरांनी ऐकावे. यंदा मांडीवर बसून ऐकणारे लेकरू पुढल्या नाताळास मांडीवर मावेलच, असे नाही.