आधी पाणी पाहा, मग मासा

अमरावती-अकोल्यात घरी काचेची टाकी ठेवणाऱ्याला कधी ना कधी सिक्लिडचा मोह पडतोच. गप्पी, मॉली, गोल्डफिश पाळून झाले की डोळा लहान सिक्लिडकडे जातो, कारण हा मासा नुसता पोहत नाही. तो जोडी जमवतो, जागा धरतो, अंड्यांवर पहारा ठेवतो आणि पिल्लांचा थवा घेऊन टाकीभर फिरतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत, म्हणजे साधारण 56 लिटर पाण्यात हे सगळे पाहायला मिळते म्हटल्यावर माणूस दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारतो तो भावाचा. माझे म्हणणे असे, की हा प्रश्न चुकीच्या वेळी विचारला जातो. पिशवीतल्या माशाची किंमत म्हणजे त्याचा खर्च नव्हे. सहा महिन्यांनी टाकीत किती मासे जिवंत आहेत, त्यांच्यापायी काय काय विकत घ्यावे लागले आणि मेलेल्यांच्या जागी किती नवे आणले, यावर मासा स्वस्त की महाग ते ठरते. आणि वऱ्हाडात हा हिशेब सर्वात जास्त बिघडवते ते आपले पाणी.

हे पाणी कसले आहे ते नीट समजून घेतले पाहिजे. अमरावतीला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे पाणी येते, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचे. दोन्ही पाणलोट काळ्या बेसाल्टच्या मुलखातले, त्यामुळे पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असते आणि ते अल्कलीकडे झुकते. नळाला खंड पडला की टाकीत बोअरचे पाणी जाते, आणि ते आणखी जड. बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर हाच त्याचा पुरावा. त्यापलीकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या बाजूच्या विहिरींचे पाणी जड असण्यापेक्षा खारट असते. लोक टीडीएस मीटर बुडवतात, आकडा मोठा दिसला की ‘आफ्रिकन माशांना हेच पाणी लागते’ असा निष्कर्ष काढतात. मीटर विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो. त्यात मीठ किती आणि चुना किती हे तो सांगत नाही. आफ्रिकेतल्या मलावी किंवा टांगानिका सरोवराचे पाणी जड असते ते मुख्यतः बायकार्बोनेटमुळे, साध्या मिठामुळे नव्हे. म्हणून खारपाणपट्ट्यातल्या माणसाने टीडीएसवर न जाता कडकपणा आणि कार्बोनेट तपासण्याचे थेंबवाले किट एकदा तरी वापरावे. ते नसेल तर पावसाचे पाणी साठवून विहिरीच्या पाण्यात मिसळणे हा जुना, बिनखर्ची उपाय आहे.

आता सर्वात जास्त विकल्या जाणाऱ्या लहान सिक्लिडकडे येऊ. राम, म्हणजे निळ्या-सोनेरी अंगाचा, जेमतेम पाच सेंटिमीटरचा देखणा मासा. तो व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्यातल्या गवताळ मैदानांचा, मऊ आणि आम्लधर्मी पाण्यातला. त्याला 28 ते 30 अंशांची ऊब आवडते, हे वऱ्हाडाच्या पथ्यावरच पडणारे आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. पाण्याचे तसे नाही. यावर दुकानदार म्हणतात, आता राम पिढ्यान् पिढ्या टाक्यांतच वाढलेले आहेत, जड पाण्यालाही सरावलेले आहेत. यात तथ्य आहे. मध्यम जड पाण्यात असे राम काही काळ चांगले राहतात. पण अंडी धरत नाहीत, बुरशी लागते आणि ज्या पालकपणासाठी मासा घेतला तेच दिसत नाही. मग आरओचे पाणी वापरा असा सल्ला मिळतो. त्याचा हिशेब करा. 56 लिटरच्या टाकीचे पाव पाणी दर आठवड्याला बदलायचे तर 14 लिटर आरओ लागेल, आणि घरगुती यंत्र एका लिटरमागे दोन ते तीन लिटर पाणी सोडून देते. म्हणजे तीस-चाळीस लिटर पाणी दर आठवड्याला मोरीत. जिथे नळाची वाट पाहून ड्रम भरून ठेवावे लागतात, तिथे एका माशासाठी हे करणे मला पटत नाही. अॅपिस्टोग्रामा या दुसऱ्या लहान सिक्लिडच्या बऱ्याच जातींनाही हेच लागू.

दुसरे टोक म्हणजे ‘मिक्स आफ्रिकन’. इंच-दीड इंचाची फिकट पिल्ले एकाच टाकीत घोळक्याने ठेवलेली असतात आणि भाव सर्वात कमी. पाणी जुळते हे खरे, पण हे मासे लहान नाहीत, लहानपणी विकले जातात एवढेच. मलावीतले बरेचसे मासे चार ते सहा इंचांपर्यंत वाढतात, नर एकमेकांचे पंख फाडतात आणि दोन फुटी टाकी त्यांना कोंडवाडा ठरते. चार फुटी टाकी, मोठा फिल्टर, दगडांचा ढीग हा पुढचा खर्च त्या स्वस्त पिशवीतच दडलेला असतो. ऑस्करचे पिल्लू तर फूटभर होते. आपल्या जड, अल्कलीकडे झुकणाऱ्या पाण्याची एक बाजू इथे फार महत्त्वाची आहे आणि ती क्वचितच सांगितली जाते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. 25 अंशांना पाण्याचा पीएच 7 असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की तोच वाटा पाच टक्क्यांवर जातो आणि 8.5 ला पंधराच्या घरात. तापमान वाढले की आणखी. म्हणून नवी टाकी भरून त्याच संध्याकाळी मासे सोडणे कुठेही वाईट, वऱ्हाडात अधिक वाईट. चार ते सहा आठवडे फिल्टर चालवून, थोडे खाद्य टाकून उपयोगी जिवाणू वाढू द्यावेत. कोणाच्या जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो, आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

मग घ्यावे काय? माझे पहिले बोट क्रिबेन्सिसकडे जाईल. दक्षिण नायजेरियाच्या ओढ्यांतला हा मासा. नर दहा सेंटिमीटरच्या आत, मादी त्याहून लहान आणि पोट जांभळट लाल. तो साध्या नळाच्या पाण्यात राहतो आणि त्याच पाण्यात वीणही घालतो. नारळाची अर्धी करवंटी, तिच्या कडेला अंगठ्याएवढी खाच, पालथी घालून वाळूत दाबली की जोडी आतली वाळू तोंडाने उपसते, मादी छताला अंडी चिकटवते आणि काही दिवसांनी दोघे पिल्लांना घेऊन बाहेर येतात. त्यांच्या पिल्लांतले नर-मादीचे प्रमाणही पाण्यावर ठरते. आम्लधर्मी पाण्यात नर जास्त, आपल्यासारख्या पाण्यात माद्या जास्त. त्यामुळे जोडीसाठी नर हेरून घ्यावा लागतो. ज्याला याहून लहान हवे त्याने टांगानिकातला शंखात राहणारा मल्टी पाहावा. चार-पाच सेंटिमीटरचा, दोन फुटी टाकीत वसाहत करणारा. सुरुवातीला तो महाग वाटतो, पण सहा आणले तरी वर्षभरात त्यांची वस्ती होते. शंख विकत घ्यायला नकोत. तळ्याकाठच्या गोगलगायींचे रिकामे शंख उकळून चालतात. आणि आपल्या देशातलाही एक आहे, केरळ, तमिळनाडू आणि श्रीलंकेच्या खाड्यांतला नारिंगी क्रोमाइड. भारतात मूळच्या सिक्लिडच्या तीनच जाती. त्यांतला मोठा, म्हणजे गोव्यातला कालुंदर, ताटात सर्वांना ठाऊक आहे. आठ सेंटिमीटरचा क्रोमाइड मात्र आपल्याकडे कोणी मागत नाही म्हणून येत नाही. किंचित खारट पाणीही तो सोसतो. कॉन्व्हिक्ट नावाचा सिक्लिडही जड पाण्यातला, चिवट आणि स्वस्त, पण तो ठेवायचा तर त्याची जोडी एकटी ठेवावी.

उन्हाळ्याचे काय, असे अनेक जण विचारतात, आणि विचारायलाच हवे. अकोल्याचा मे म्हणजे 44-45 अंश. पाणी 25 अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू धरते, 35 ला सातच्याही खाली. त्यातच वीज गेली तर मोठा मासा आधी जातो. लहान सिक्लिड आणि तेही मोजकेच ठेवण्यामागे हेही कारण आहे. चिलर घ्यायची गरज नाही. आपली हवा कोरडी असल्यामुळे टाकीचे झाकण काढून जाळी टाकावी आणि छोटा पंखा पृष्ठभागावर सोडावा. पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. जितके उडाले तितके बोअरचे पाणी न भरता मऊ पाणी भरावे, नाहीतर क्षार साचत जातात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मात्र घरात असावाच. डास मारायचा फवारा टाकीच्या खोलीत मारू नये आणि शेतातून फवारणी करून आलेल्या हाताने टाकीत हात घालू नये; त्यांतली बरीच औषधे माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात.

खरेदीची वेळही खर्चात मोजा. आपल्याकडचा बराचसा माल चेन्नईच्या कोलतूरहून, कोलकात्याहून किंवा मुंबईहून पिशव्यांत भरून येतो. एप्रिल-मे महिन्यांत आणि थंडीच्या ऐन रात्रींत तो मागवू नये. दिवाळीनंतरचे काही आठवडे किंवा फेब्रुवारीचा शेवट उत्तम. मासे दुकानात येऊन आठवडा झाला आहे का, खातात का, कुठल्या पाण्यात ठेवले आहेत, हे तीन प्रश्न न लाजता विचारा. दोन इंचांच्या आतल्या पिल्लाच्या अंगावर भडक रंग असेल तर तो हार्मोनचा असू शकतो. पुढे रंग उतरतो आणि मासा विणीला निकामी ठरतो. सर्वात चांगला सौदा दुकानाबाहेर असतो. आपल्याच शहरात, आपल्याच नळाच्या पाण्यात क्रिबेन्सिसची पिल्ले काढणारा कोणी असतो आणि त्याला त्यांचे काय करावे हा प्रश्न पडलेला असतो. त्याच्याकडून सहा पिल्ले घ्या, त्यांना आपली जोडी आपण जमवू द्या. पुढे तुमच्याकडे पिल्ले झाली की तशीच दुसऱ्याला द्या, पण अमरावतीच्या वडाळी किंवा छत्री तलावात सोडू नका. 1952 साली भारतात आणलेली चिलापी हीसुद्धा सिक्लिडच, आणि आज तिने किती तळी व्यापली आहेत ते कुठल्याही मासळी बाजारात दिसते.