डोकेदुखीला ‘पित्त’ म्हणण्याआधी

प्रौढ माणसाच्या मेंदूत कॅन्सरची गाठ निघाली, तर बहुतेक वेळा ती दुसरीकडून आलेली असते. सर्वांत जास्त येते फुप्फुसातून. त्याखालोखाल स्तन, मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर (आपल्याकडे तो कमी), मूत्रपिंड आणि मोठं आतडं. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत जातो, मेंदूत क्वचितच.

फुप्फुस पहिलं का? इतर बऱ्याच अवयवांतून सुटलेल्या पेशींना आधी फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांची चाळणी लागते. फुप्फुसातल्या पेशी मात्र थेट हृदयाच्या डाव्या कप्प्यात पोचतात, आणि हृदयाने फेकलेल्या रक्तातला १५ ते २० टक्के वाटा मेंदूचा असतो.

“म्हणजे आता दुसरा कॅन्सर झाला का?” असं नातेवाईक विचारतात. नाही. फुप्फुसाचा कॅन्सर मेंदूत गेला तरी तो फुप्फुसाचाच राहतो आणि औषधही त्याच्याच जातीप्रमाणे ठरतं. तंबाखूला कधीही न शिवलेल्या बायकांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा ईजीएफआर या जनुकात बदल सापडतो. तिथे ओसिमर्टिनिबसारखी गोळी मेंदूपर्यंत पोचून काम करते. म्हणून ‘डोक्यात गेला, आता संपलं’ हे घरच्या घरी ठरवू नका.

सकाळी उठताना डोकं दुखतं, उलटी झाली की जरा हलकं वाटतं. घरोघरी याला पित्त म्हणतात, आणि बहुतेकदा ते खरंही असतं. पण आधी कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाला हा त्रास नव्याने सुरू झाला, तर सुंठ-साखरेवर आठवडे घालवू नका. शर्टाचं बटण लावताना एक हात साथ देईना, चालताना तोल जाऊ लागला, शांत माणूस एकाएकी तिरसट झाला, तरीही दाखवा. चाळिशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, तर कांदा नाकाला लावत बसू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि दवाखाना गाठा.

तिथे आठ वर्षांपूर्वीचं स्तनाचं ऑपरेशनही सांगा. ‘ते तर बरं झालं’ म्हणून बायका हमखास गाळतात, आणि नेमकं तेच हवं असतं. कारण एमआरआयवर क्षयाची किंवा फीतकृमीच्या अळीची गाठही बरीचशी अशीच दिसू शकते. मूळ कॅन्सरचा पत्ताच नसेल, तर तुकडा काढून तपासावा लागतो.

गाठी थोड्या आणि लहान असतील तर नेमक्या जागी किरणांचा मोठा डोस देता येतो. १९६८ मध्ये स्टॉकहोममध्ये लार्स लेक्सेल यांनी गॅमा नाईफ वापरात आणली, तिचं तत्त्व हेच. सगळ्या मेंदूला शेक दिल्यावर स्मरणशक्तीला जो फटका बसतो, तो यात बराच वाचतो.

गाठीभोवती मेंदूला आलेली सूज उतरवायला डेक्सामेथासोन देतात. एक-दोन दिवसांत माणूस ताजातवाना होतो आणि ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद करतो. तसं करू नका. ती हळूहळूच कमी करायची असते. या गोळीने साखर चढते, तेव्हा मधुमेह असेल तर तपासत राहा. फिट येऊन गेली असेल, तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत दुचाकीची किल्ली घरच्यांकडे द्या.