आद्याक्षरांत लपलेला निरोप

कवितेच्या प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर घेऊन ती अक्षरे वरून खाली वाचली, तर कधी कधी एखादे नाव किंवा वाक्य तयार होते. इंग्रजीत ही करमणूक फार लोकप्रिय आहे. लुईस कॅरोल हा गणिताचा अध्यापक होता. त्याने १८७१ च्या आपल्या एका पुस्तकाच्या शेवटी २१ ओळींची कविता घातली आणि तिच्या आद्याक्षरांत ॲलिस लिडेल या मुलीचे २१ अक्षरी पूर्ण नाव गुंफले.

आपल्याकडचे याचे प्रसिद्ध उदाहरण सातारा भागातले आहे. १६५९ साली अफझलखान विजापुराहून निघाला, तेव्हा समर्थ रामदासांनी शिवाजीमहाराजांना काही ओव्या पाठवल्या, असे परंपरा सांगते. वरवर पाहता त्या ओव्यांत उपदेश आहे. पण पहिल्या १४ चरणांची आद्याक्षरे जुळवली की वाक्य मिळते: 'विजापुरचा सरदार निघाला आहे'. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला.

हा योगायोग असेल काय?

गणित करून पाहू. समजा, चरणाच्या आरंभी २० अक्षरांपैकी कोणतेही एक सारख्याच शक्यतेने येते. मग हवे ते अक्षर येण्याची शक्यता २० त १, दोन्ही चरणांत येण्याची ४०० त १. चौदा चरणांसाठी २० ला २० ने गुणत जा. उत्तर येते १६,३८४ आणि त्यापुढे १४ शून्ये! काना-मात्रा धरल्या तर अक्षरे २० हून पुष्कळच जास्त होतात आणि शक्यता आणखी घटते. तेव्हा हे वाक्य कोणीतरी मुद्दाम गुंफले, यात शंका नाही.

परंतु येथे थांबून विचार केला पाहिजे. गुंफण मुद्दाम केलेली आहे, एवढेच गणिताने सिद्ध झाले. ती कोणी केली आणि केव्हा केली, हे गणित सांगत नाही. १६५९ नंतर, घडलेली हकिकत ठाऊक असलेला कवीही अशी रचना करू शकेल. समर्थ आणि महाराज यांची पहिली भेट काही अभ्यासक १६४९ ची मानतात, तर काही १६७२ ची. हा वाद जुन्या कागदपत्रांवरूनच सुटायचा. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच मानावे, ही शिस्त इतिहासाला लागते, तशीच विज्ञानालाही.

नकलेवर पहारा

या युक्तीचा आणखी एक उपयोग आहे. पोथ्या हाताने नकलून घेत असत, तेव्हा नकलणाऱ्याकडून एखादी ओळ सुटली किंवा दोन ओळींची अदलाबदल झाली, तर लपलेले वाक्य मोडते आणि चूक ताबडतोब उघडी पडते. मात्र ओळीच्या मधला शब्द बदलला, तर हा पहारेकरी झोपलेलाच राहतो! संगणकातून माहिती पाठवतानाही चूक ओळखता यावी म्हणून तिच्याबरोबर जादा खूण जोडतात. तत्त्व एकच.

कोडे रचताना

काना-मात्रेसह अक्षर जुळले पाहिजे, की नुसते व्यंजन चालेल, हे आधी ठरवा. मग शब्द निवडा. 'सातारा' सोपा आहे. पण सांगली जिल्ह्यातील 'वाळवा' घेतलात, तर दुसऱ्याच पायरीवर अडाल, कारण 'ळ' ने सुरू होणारे शब्द मराठीत जवळजवळ नाहीतच. 'ण' चेही तेच. अशा वेळी आद्याक्षरांऐवजी अंत्याक्षरे घ्यावीत.

हे सोडवा

पुढील तीन उत्तरांची आद्याक्षरे मिळून एक शब्द होतो.

१. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचे नाटक. त्यात अश्विनशेठ व रेवती आहेत. (६ अक्षरे)
२. सांगलीत १८९८ साली जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची कादंबरी. त्यात देवयानी व शर्मिष्ठा आहेत. (३ अक्षरे)
३. समर्थ रामदासांची २०५ श्लोकांची रचना. (५ अक्षरे)

पहिले व तिसरे उत्तर आले की 'सं–म' एवढे हाती लागते. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे, म्हणून कोणी चटकन 'संगम' म्हणेल. पण दुसरे उत्तर 'ग' ने सुरू होते का, हे तपासायला नको का? अंदाज करावा, आणि मग तो पडताळून पाहावा. कोड्यातली खरी गंमत या पडताळण्यात आहे.

आता आपल्या गावाचे नाव घेऊन असेच एक कोडे रचा आणि वर्गात सोडवायला द्या.

(उत्तर: संशयकल्लोळ, ययाति, मनाचे श्लोक. लपलेला शब्द: संयम.)