फळ्यावरील तारीख : एक नित्याचा पाठ

शाळा भरताच फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात वार व तारीख लिहिण्याचा प्रघात आपल्या सर्व शाळांतून आहे. बहुतेक ठिकाणी त्याखाली एखादा सुविचार व सामान्यज्ञानाची दोन-चार वाक्येही लिहिली जातात. मुले ती वहीत उतरवून घेतात व दुसऱ्या दिवशी विसरतात. याचे कारण उघड आहे. ती माहिती मुलांच्या अनुभवाशी कोठेच जोडलेली नसते. वास्तविक भाषा, इतिहास व सामान्यज्ञान या तिन्हींचे धडे त्या तारखेच्या एका ओळीतच दडलेले आहेत. ते कसे उलगडावेत, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम वार घेऊ. खेड्यातील पुष्कळ मुले रविवारास ‘आइतवार’ व गुरुवारास ‘बेस्तरवार’ म्हणतात. शिक्षक ते अशुद्ध ठरवून खोडतात, वर्ग हसतो आणि ते मूल पुढे उत्तर देण्यास धजत नाही. परंतु हे शब्द अडाणीपणाचे नव्हेत. आदित्य म्हणजे सूर्य. ‘आदित्यवार’ याचा बोलण्याच्या ओघात ‘आइतवार’ झाला. संस्कृत ‘पाद’ याचा मराठीत ‘पाय’ झाला, त्यातही ‘द’ असाच लोपला आहे. बृहस्पती हे गुरूचेच नाव. त्यावरून ‘बृहस्पतिवार’ व पुढे ‘बेस्तरवार’. म्हणजे मुलाच्या घरी चालणारा शब्द पिढ्यान् पिढ्यांच्या वापराने घडलेला आहे. शिक्षकाने फळ्यावर ‘रविवार’ लिहावे, शेजारी ‘आइतवार’ लिहावे आणि दोहोंचे नाते सांगावे. लेखनात ग्रंथिक रूप वापरण्याची सवय त्यामुळे लागतेच, शिवाय घरच्या बोलीची लाज वाटत नाही.

‘तारीख’ हा शब्द अरबी आहे. त्या भाषेत त्याचा अर्थ ‘इतिहास’ असाही होतो. ‘सन’ अरबी, ‘साल’ फारसी, तर ‘वर्ष’ व ‘दिनांक’ संस्कृत. राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांस संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झाला. तरीही तारीख, सन, साल हे शब्द लोकांच्या तोंडी टिकले. शब्द कोठून आला, हे समजले म्हणजे भाषेबरोबर इतिहासही शिकविला जातो.

आता महिने पाहू. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर व डिसेंबर या नावांचा मूळ अर्थ सातवा, आठवा, नववा व दहावा असा आहे. सप्त, अष्ट, नव, दश यांच्याशी त्यांचे साम्य मुलांच्या सहज ध्यानी येते. मग सातवा महिना नववा कसा झाला? प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू होत असे, हे त्याचे उत्तर. ते मुलांनी बोटांवर मोजून स्वतः शोधावे.

आपल्या चांद्रमासांची नावे नक्षत्रांवरून पडली आहेत. ज्या महिन्याच्या पौर्णिमेस चंद्र चित्रा नक्षत्राजवळ असतो तो चैत्र, कृत्तिकेजवळ असतो तो कार्तिक. शेतकऱ्यांची मुले येथे एक चांगला प्रश्न विचारू शकतील : मृग तर जूनमध्ये लागतो, मग मृगशीर्षावरून नाव पडलेला मार्गशीर्ष हिवाळ्यात कसा? जूनमध्ये सूर्य मृग नक्षत्रात असतो, म्हणून त्या वेळी ते नक्षत्र दिसत नाही. मार्गशीर्षात पौर्णिमेचा चंद्र तेथे असतो, व ते रात्रभर दिसते. त्या महिन्यात सायंकाळनंतर पूर्वेकडे एका रेषेतील तीन ठळक तारे पाहावयास मुलांना सांगावे. ते मृगाचेच होत.

शेवटी वर्ष. भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून अमलात आली. तिच्यात शालिवाहन शक वापरला जातो. मार्च २२ ते डिसेंबरअखेर इसवी सनातून ७८ वजा केल्यास व जानेवारीपासून मार्च २१ पर्यंत ७९ वजा केल्यास शक मिळतो. (लीप वर्षी हे वर्ष मार्च २१ लाच सुरू होते.) शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला, मुलांनी वजाबाकी करून शके १५९६ काढावे. गावातील देऊळ, दीपमाळ, बारव किंवा वेस यांवर ‘शके’ कोरलेला असल्यास तो उतरवून आणावा व त्यात ७८ मिळवावे. आपल्या गावाचे वय दगडावर वाचता येते, हा आनंद पुस्तकातील कोणत्याही सनावळीने मिळणार नाही.

शिक्षकांनी पुढील पथ्ये पाळावीत :

१. एका दिवशी एकच गोष्ट सांगावी. पाच मिनिटांहून अधिक वेळ घेऊ नये.
२. माहिती आधी प्रश्नरूपाने मांडावी. उत्तर शक्य तो दुसऱ्या दिवशी द्यावे.
३. खात्री नसलेली गोष्ट फळ्यावर लिहू नये. फळ्यावरील अक्षर मुले प्रमाण मानतात.
४. आठवड्यातून एकदा मुलांनी घरून आणलेला शब्द, म्हण किंवा आठवण त्या जागी लिहावी व आणणाऱ्याचे नाव खाली घालावे.

यांतील चौथे पथ्य विशेष महत्त्वाचे आहे. ज्या मुलाच्या घरचा शब्द एकदा फळ्यावर आला, ते मूल वर्गात मुके राहत नाही.