संततिनियमनाची गोळी घ्यावयाची राहिल्यास

दररोज एक गोळी घ्यावी, हा नियम सांगावयास सोपा. परंतु महिनोन्महिने तो पाळताना एखादा दिवस विसर पडणे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. अशा वेळी कोणी धास्तावून पाकीटच टाकून देते, तर कोणी राहिलेल्या साऱ्या गोळ्या एकदम गिळते. पहिल्या प्रकारात संरक्षण जाते. दुसऱ्यात मळमळ तेवढी पदरी पडते. योग्य उपाय कळण्यासाठी गोळीचे शरीरातील कार्य प्रथम समजून घेतले पाहिजे.

भारतातील सरकारी आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेल व एथिनिल इस्ट्राडायॉल ही दोन संप्रेरके असतात. निराळ्या रंगाच्या उरलेल्या ७ गोळ्या केवळ लोहाच्या होत. संप्रेरकांचा पुरवठा चालू असेपर्यंत मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी बीजांडकोशास चेतना देत नाही, आणि त्यामुळे बीजांड पक्व होऊन बाहेर पडत नाही. बीजांडकोश असा निद्रिस्त होण्यास ओळीने ७ गोळ्या लागतात. लोहाच्या ७ दिवसांत हा पहारा उठतो, ऋतुस्राव होतो, व बीजांडकोश हळूहळू जागा होऊ लागतो. तो पुरता जागा होण्यापूर्वीच नवे पाकीट त्यास पुन्हा निजविते.

यावरून जे निष्पन्न होते ते सामान्य समजुतीच्या उलट आहे. पाकिटाच्या मध्यावरील गोळीपेक्षा नव्या पाकिटाच्या पहिल्या गोळ्या राहणे अधिक घातक. कारण मग ७ दिवसांची सुट्टी ९ किंवा १० दिवसांची होते. पाकीट आणावयास दोन-तीन दिवस उशीर झाला तर ‘गोळी चुकली’ असे पुष्कळ स्त्रियांच्या मनातही येत नाही. म्हणून पुढील पाकीट आधीच घरात असावे. पती कामासाठी परगावी गेला की गोळ्या थांबवावयाच्या आणि तो परतेल त्या दिवशी पुन्हा सुरू करावयाच्या, ही पद्धतही अशीच फसवी आहे.

काही तासांचा उशीर ही चूक नव्हे. एक किंवा दोन संप्रेरकगोळ्या राहिल्या, अथवा नवे पाकीट एक-दोन दिवस उशिरा सुरू झाले, तर आठवताक्षणी एक गोळी घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी. मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालतील. त्याआधीची राहिलेली गोळी टाकून द्यावी. एवढ्याने गर्भ राहण्याचा संभव फारच थोडा असतो. (काही देशांतील वैद्यक मात्र दोन गोळ्यांपासूनच पुढील सावधगिरी सांगतात.)

तीन किंवा अधिक गोळ्या ओळीने राहिल्या असतील तर एक गोळी तत्काळ घेऊन क्रम चालू ठेवावा, आणि पुढील ७ दिवस निरोध वापरावा अथवा संबंध टाळावा. हा प्रसंग तिसऱ्या आठवड्यात आला असल्यास संप्रेरकाच्या उरलेल्या गोळ्या संपवून लोहाच्या गोळ्या वगळाव्या व दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू करावे, म्हणजे एका खंडास दुसरा खंड जोडला जात नाही. त्या महिन्यात स्राव न झाल्यास घाबरू नये. शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून मागील ५ दिवसांत संबंध आला असेल तर डॉक्टरांना किंवा आशा कार्यकर्तीस विचारावे. तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यावयाची असते, व जितकी लवकर तितकी ती गुणकारी. तो अवधी उलटल्यास पाचव्या दिवसापर्यंत तांबी बसविण्याचा मार्ग उरतो.

गोळी घेतल्यावर २ तासांच्या आत वांती झाली तर दुसरी घ्यावी. लोहाची गोळी राहिली तर ती टाकून द्यावी. संरक्षणाशी तिचा संबंध नाही. गोळ्या चुकल्यानंतर लोहाच्या दिवसांत स्राव झाला नाही तर मात्र गर्भचाचणी करावी. अजाणता गर्भावस्थेत या गोळ्या घेतल्या गेल्या तरी त्यांनी गर्भास अपाय झाल्याचे आढळलेले नाही.

‘छाया’ या गोळीचे गणित वेगळे आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेले सेंटक्रोमन हे तिच्यातील द्रव्य. ते संप्रेरक नव्हे. १९९१ साली ते ‘सहेली’ या नावाने बाजारात आले व २०१६ साली ‘छाया’ म्हणून सरकारी कार्यक्रमात दाखल झाले. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा, असा तिचा क्रम आहे. रोजची आठवण नको हे खरे, परंतु आठवड्याचा वार विसरणे त्याहून सोपे! ही गोळी राहिल्यास आठवताच घ्यावी. उशीर ७ दिवसांपेक्षा कमी असेल तर ठरलेला वार कायम ठेवून पुढील ऋतुस्राव सुरू होईपर्यंत निरोध वापरावा. ७ दिवसांहून अधिक उशीर झाला असेल, तर नव्याने आरंभ करणाऱ्या स्त्रीप्रमाणे पुन्हा ३ महिने आठवड्यातून दोन गोळ्या घ्याव्या लागतात.