पन्नास वर्षांनी कळलेली चार नावे

जयंत्या आणि पुण्यतिथ्या साजऱ्या करण्यात आपण मराठी माणसे कोणाला हार जाणार नाही. शताब्दी आली की समिती आली, समिती आली की स्मरणिका आली. आणि स्मरणिकेत जाहिराती वजा जाता ज्याची शताब्दी त्याच्याविषयी फारच थोडे उरते. पाश्चात्त्य पॉप आणि रॉक संगीतातही ही प्रथा आता चांगली रुजली आहे. फरक इतकाच की तेथे माणसाप्रमाणे रेकॉर्डचीही जयंती होते. एखाद्या गाजलेल्या रेकॉर्डला वीस, पंचवीस, पन्नास वर्षे झाली की कंपनी तीच रेकॉर्ड नव्या खोक्यात घालते, सोबत जाडजूड पुस्तक देते आणि चौपट किमतीला विकते. हा निव्वळ धंदा आहे, असे आमच्या वर्गातील संगीतप्रेमी मित्रांचे मत. धंदा तर तो आहेच. परंतु जुन्या रेकॉर्डकडे परत गेल्याने नवे काही कळते का, हा प्रश्न धंद्याचा नाही, अभ्यासाचा आहे. तो एका रेकॉर्डच्या आधारे तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

ही रेकॉर्ड म्हणजे बीटल्सची ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’. नोव्हेंबर १९६६ ते एप्रिल १९६७ या काळात लंडनच्या अॅबी रोडवरील ई.एम.आय. कंपनीच्या स्टुडिओत ती तयार झाली आणि १ जून १९६७ ही तिच्या प्रकाशनाची तारीख मानली जाते. अमेरिकेत ती पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. १९६८ साली वर्षातील उत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक तिला मिळाले. रॉक संगीताच्या वाट्याला हा मान प्रथमच आला. तिच्या थोरवीविषयी याहून अधिक लिहिण्याची गरज नाही. ते पुष्कळांनी लिहिले आहे आणि दर दहा वर्षांनी पुन्हा लिहिले जाते.

गंमत अशी की या रेकॉर्डने आपल्या वाढदिवसाची तरतूद स्वतःच करून ठेवली होती. तिच्या पहिल्याच गाण्यात वीस वर्षांपूर्वीच्या एका काल्पनिक बँडची आठवण निघते. मग १९८७ साल उजाडल्यावर कंपनी ही संधी थोडीच सोडणार? बरोबर १ जून १९८७ रोजी ही रेकॉर्ड प्रथमच कॉम्पॅक्ट डिस्कच्या रूपात बाजारात आली. मुहूर्त साधला, पण संगीत तेच राहिले. जुना स्टिरिओ मिक्स नव्या तबकडीवर आला, इतकेच. अशा वाढदिवसाला मी फोटोला हार घालणे म्हणतो.

२०१७ सालची गोष्ट निराळी होती. ती समजण्यासाठी थोडा तांत्रिक भाग सांगावा लागेल; वाचकांनी कंटाळा करू नये.

१९६७ साली त्या स्टुडिओत चार ट्रॅकची टेप यंत्रे होती. म्हणजे एका टेपवर चार वेगवेगळे आवाज शेजारी शेजारी साठवता येत. बीटल्सना चार पुरत नसत. म्हणून चारही ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि रिकाम्या राहिलेल्या ट्रॅकवर आणखी वाद्ये भरायची. नकलेची नक्कल काढावी तसा हा प्रकार. दर वेळी आवाज थोडा मळतो. शिवाय त्या काळी बहुतेक श्रोत्यांच्या घरी मोनो यंत्रेच असत. त्यामुळे मोनो मिक्सवर खरी मेहनत झाली आणि त्या वेळी बीटल्स स्वतः हजर राहत. स्टिरिओ मिक्स मात्र त्यांच्या गैरहजेरीत थोड्या दिवसांत उरकण्यात आला. पुढे मोनो मागे पडले आणि जगाने हाच उरकलेला स्टिरिओ मिक्स मूळ म्हणून ऐकला. दोहोंतील अंतर बारीकसारीक नाही. ‘शीज लीव्हिंग होम’ हे गाणे मोनोमध्ये अधिक वेगाने आणि वरच्या पट्टीत वाजते. स्टिरिओत ते संथ आणि खाली उतरलेले आहे.

मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन २०१६ साली वारले. त्यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी पन्नासाव्या वर्षी, म्हणजे २०१७ साली, नक्कल होण्यापूर्वीच्या पहिल्या टेप बाहेर काढल्या, त्या जुळवल्या आणि मोनो मिक्स समोर ठेवून नवा स्टिरिओ मिक्स केला. ‘शीज लीव्हिंग होम’ त्यांनी मोनोच्याच वेगाने घेतले.

येथे वाद सुरू होतो. पन्नास वर्षे लोकांनी जे ऐकले ते बदलण्याचा अधिकार कोणाला? आमच्या मराठीच्या प्राध्यापकांनी पाठभेद शिकवताना नाथांचा दाखला दिला होता. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली, कारण नकलाकारांच्या हातून पाठ बिघडले होते. जाइल्स मार्टिन यांचे काम मला त्याच जातीचे वाटते, पण पूर्णपणे नाही. नव्या मिक्समध्ये ड्रम आणि बास गिटार आजच्या कानांना रुचतील असे पुढे आणले आहेत, आणि ही शुद्धी नव्हे, ही आवड झाली. तेव्हा नव्या प्रतीने जुनी रद्द होते असे मी मानत नाही. अभ्यासकाने तिन्ही शेजारी ठेवाव्यात.

परंतु मला या अर्धशतकातली सर्वांत मोलाची गोष्ट मिक्सची वाटत नाही. ती आहे दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्याची.

‘विदिन यू विदाउट यू’ हे जॉर्ज हॅरिसनचे गाणे. यात बाकीचे तीन बीटल्स वाजवतही नाहीत आणि गातही नाहीत. सुरावट खमाज थाटाच्या वळणाची. गायनाच्या भागात सोळा मात्रांचा तीनताल, मधल्या वादनाच्या भागात दहा मात्रांचा झपताल. आपल्याकडे गायकामागे सारंगी किंवा पेटी चालते तसा येथे दिलरुबा आवाजाच्या पाठोपाठ चालतो. मूळ वाद्यसंगत १५ मार्च १९६७ रोजी मुद्रित झाली, २२ मार्चला आणखी दिलरुबा भरण्यात आले आणि ३ एप्रिलला जॉर्ज मार्टिन यांनी आठ व्हायोलिने व तीन चेलो यांची जोड दिली. दिलरुब्याच्या मींडेशी इंग्रज व्हायोलिनवादकांना जुळवून घ्यावे लागले, ते मुद्दाम ऐकण्यासारखे आहे.

मग हा दिलरुबा आणि हा तबला कोणाचा? लंडनमध्ये अयाना अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया ‘एशियन म्युझिक सर्कल’ नावाची संस्था चालवीत असत. वादक तेथून आले होते, एवढेच पुस्तकांतून सापडे. ‘काही भारतीय वादक’ या तीन शब्दांत त्यांची बोळवण होई. त्यांची नावे माहीत झाली ती २०१७ साल उजाडल्यावर. अण्णा जोशी आणि अमृत गज्जर हे दिलरुब्यावर, बुद्धदेव कनसारा तंबोऱ्यावर आणि नटवर सोनी तबल्यावर. आडनावावरून कोणाचे गाव काढू नये हे खरे. तरी पहिल्या नावाशी मराठी वाचकाचा डोळा क्षणभर थांबतोच.

आता त्या रेकॉर्डचे वेष्टन आठवून पाहा. सत्तावन्न छायाचित्रे आणि नऊ मेणाचे पुतळे यांची ती सुप्रसिद्ध गर्दी. पाठीमागे सर्व गाण्यांचे शब्द छापलेले. पॉप रेकॉर्डवर ही गोष्ट तेव्हा नवीन होती. हॅरिसनच्या आवडीचे योगी, परमहंस योगानंद आणि त्यांची गुरुपरंपरा, गर्दीत उभे आहेत. गांधीजीही होते. पण ई.एम.आय.चे प्रमुख सर जोसेफ लॉकवुड यांना भारतातील विक्रीची धास्ती वाटली आणि गांधीजींना काढण्यात आले. म्हणजे वेष्टनावर कोणता भारत ठेवायचा आणि कोणता वगळायचा, याची चर्चा वरपर्यंत झाली. प्रत्यक्ष वाजवणाऱ्या चार भारतीयांना मात्र एक ओळ मिळाली नाही.

यावर असे उत्तर देता येईल की बाहेरच्या वादकांची नावे छापण्याची तेव्हा रीतच नव्हती. ‘अ डे इन द लाइफ’साठी बोलावलेल्या चाळीस वादकांची तरी नावे कोठे आहेत? हे उत्तर बरेचसे न्याय्य आहे, पण पुरेसे नाही. आधीच्याच वर्षी, ऑगस्ट १९६६ मध्ये निघालेल्या ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर ‘लव्ह यू टू’ या गाण्यातील तबलावादक अनिल भागवत यांचे नाव छापलेले आहे. आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६८ मध्ये, हॅरिसन मुंबईच्या एच.एम.व्ही. स्टुडिओत आला. तेथे ‘वंडरवॉल म्युझिक’चा भारतीय भाग मुद्रित झाला आणि ‘द इनर लाइट’ची वाद्यसंगतही. ‘वंडरवॉल’च्या वेष्टनावर सरोदवादक आशिष खान, संतूरवादक शिवकुमार शर्मा, बासरीवादक एस. आर. केंकरे, तारशहनाईवादक विनायक व्होरा अशी नावांची रांगच आहे. एका वर्षी नाव आहे, पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा आहे. मग ही रीत नव्हे. ज्याने त्याने त्या त्या वेळी घेतलेला निर्णय होय. आणि ज्या रेकॉर्डवर नावे राहून गेली तीच नेमकी जगात सर्वांत जास्त ऐकली गेली. ‘वंडरवॉल’ मूठभर शौकिनांपलीकडे कोणाला ठाऊक आहे?

त्या चौघांची नावे पन्नासाव्या वर्षीच कळायला हवी होती असे काही नव्हते. विसाव्या वर्षीही विचारता आले असते. विचारले गेले नाही, कारण तोवरचे सारे लेख ही रेकॉर्ड किती थोर आहे याच प्रश्नाभोवती फिरत होते. ती कोणी कोणी वाजवली, हा साधा प्रश्न मागे पडला होता. आणि आकड्याचे महत्त्व किती, हे ‘रिव्हॉल्व्हर’ने दाखवून दिले. तिची नवी आवृत्ती २०२२ साली, म्हणजे छप्पन्नाव्या वर्षी आली! छप्पन्न हा काही कोणाच्या महोत्सवाचा आकडा नव्हे. एकाच ट्रॅकवर मिसळून गेलेली गिटार, बास आणि ड्रम संगणकाच्या साहाय्याने वेगळे करण्याचे तंत्र तोवर हाती आले होते. काम करण्याजोगे झाले तेव्हा झाले, मुहूर्ताची वाट कोणी पाहिली नाही. मला हाच मार्ग अधिक सरळ वाटतो.

ज्यांना या विषयात गोडी वाटेल त्यांनी २०१७ च्या संचातील दोन तुकडे आवर्जून ऐकावेत. एकात हॅरिसन वादकांना चाल समजावून देत आहे. चोवीस वर्षांचा जगप्रसिद्ध तरुण आणि समोर ती चाल आपल्या वाद्यांवर बसवून घेणारे वादक, असे ते दृश्य कानांनी दिसते. दुसऱ्यात केवळ भारतीय वाद्ये आहेत. हा दुसरा तुकडा आधी आणि नेहमीचे गाणे नंतर, असा क्रम ठेवावा. नेहमीच्या गाण्यात दिलरुबा आवाजाची सावली वाटतो. येथे आवाज नसल्यामुळे तोच गाऊ लागतो, आणि झपताल सुरू होताना तबल्याने घेतलेले वळण स्वच्छ कळते. गाण्याच्या अखेरीस हॅरिसनने मुद्दाम जोडलेला तो हशा या तुकड्यात नाही.